गुटख्याच्या नावावर

३ ऑगस्ट, रविवार

धम्माची दाढ हलतेय. चव्वेचाळीसाव्या वर्षी दाढ हलायला काय झालं? मी बासष्टचा, माझे सगळे दात जागेवर आहेत. त्याला तसं म्हटलं तर हसला, आणि हसताना उजवा गाल हाताने धरला.

वैजयंता गेली, मुलंबाळं नाहीत, म्हणून मी परभणीचं घर बंद करून इथे भाईंदरला, गोडदेवला, धाकट्या भावाकडे राहायला आलो. त्यालाही आता दीडेक वर्ष झालं. एक बेडरूम, हॉल, किचन. हॉलमध्ये मी असतो. त्यामुळे घरात कोण काय करतं ते मला दिसतं. मी मुद्दाम बघायला जात नाही. पण आयुष्य हेड क्लार्कच्या खुर्चीत गेलं, नजर जातेच. आलो तेव्हा पहिली गोष्ट नजरेत भरली ती धम्माची जेवणानंतरची गोळी. कसली म्हणून विचारलं तर म्हणाला, व्हिटॅमिनची. म्हटलं, रोज? कामून? आणि बाटलीवरचं लेबल कुणी खरवडलं? डॉक्टर कोण? आठवडाभर लावून धरलं. शेवटी गोळी बंद झाली. आता सकाळी माझ्या हातचा गुळवेलीचा काढा घेतो. घरात मोठं माणूस लागतं ते एवढ्यासाठी.

दाढेसाठी भावजय म्हणाली, “दादा, मी नेते त्यांना.” पंचशीला पोरगी गुणाची आहे. मीच वधूवर मेळाव्यात बघून आणलेली. पण डॉक्टर लोक बायकांना नीट काही सांगत नाहीत, तेव्हा मीच जाणार आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

दाढ काढली. दातांच्या डॉक्टरने आधी विचारलं, शुगर, बीपी, आणखी काही आजार, चालू असलेली औषधं? धम्माच्या तोंडात आरसा होता. त्याने हात वर करून काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण मी म्हटलं, “काही नाही. आमच्या खानदानात कुणाला काही नाही.” धम्माने हात खाली घेतला.

येताना रिक्षात सारखा ओठाला बोट लावून बघत होता. मी म्हटलं, दुखतंय का? तर म्हणाला, दुखत नाही दादा, तेच विचित्र वाटतंय. ओठ बधिर झालाय म्हणे. इंजेक्शनचा असर असेल, उतरेल.

२३ ऑगस्ट, शनिवार

उतरला नाही. दाढ काढलेल्या जागी मांसाचा गोळा वर आलाय. आधी वाटाण्याएवढा होता, आता लिंबाएवढा आहे. गाल फुगलाय. डॉक्टरने आज बघितलं आणि हातमोजे काढताना म्हणाला, “मोठ्या हॉस्पिटलला जा. तुकडा काढून तपासायला लागेल. थांबू नका.”

लिफ्टमध्ये बिल्डिंगमधल्या हंसाबेन भेटल्या. धम्माच्या गालाकडे बघून मला बाजूला घेतलं. “ज्ञानदेवभाई, गुटका खाते थे क्या?”

माझं डोकं फिरलं. म्हटलं, “हमारे घर में सुपारी भी नहीं आती.”

“सब ऐसाच बोलते हैं,” त्या म्हणाल्या आणि तिसऱ्या मजल्यावर उतरल्या. आमच्या आईने आम्हाला बडीशेपसुद्धा मोजून दिली. आणि ही बाई लिफ्टमध्ये उभ्याउभ्या आमची अब्रू काढते.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज काय झालं ते लिहायला हात उचलत नाही. पण लिहिल्याशिवाय मला सुचतही नाही.

मुंबईच्या हॉस्पिटलात रिपोर्ट घ्यायला तिघे गेलो. डॉक्टर शुभदा म्हणून बाई आहेत, पस्तिशीच्या असतील. मला म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा. मी म्हटलं, मी थोरला भाऊ आहे, बापाच्या जागी आहे. त्यांनी धम्माला विचारलं, “यांच्यासमोर बोलू?” धम्माने पंचशीलाकडे बघितलं. तिने मान हलवली. मग त्यानेही हलवली.

बाईंनी सरळ सांगितलं. हा लिम्फोमा आहे, कॅन्सरचा प्रकार. एचआयव्ही असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती खाली गेली की तोंडात, हिरडीत, जबड्यात असा होतो. वाढतो भराभर, पण केमोने वितळतोही चांगला. अट दोनच. केमो ठरल्या तारखेला, आणि एचआयव्हीची गोळी रोज.

मला पहिलं वाक्य कळलं आणि पुढचं सगळं पाण्याखालून ऐकू यावं तसं आलं. एचआयव्ही. आमच्या घरात. धम्माला बरीच वर्षं माहीत होतं म्हणे. मी विचारलं, कसा झाला? धम्मा म्हणाला, “ते विचारू नको दादा. सांगणार नाही.” इतक्या शांतपणे तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

मग बाईंनी त्याला विचारलं, “इतकी वर्षं गोळ्या नीट घेत होता. मग मध्येच बंद का केल्या?”

धम्मा टेबलाकडे बघत म्हणाला, “कंटाळा केला, मॅडम.”

माझा संताप झाला. जिवाची गोळी, आणि कंटाळा? बाईंच्या समोरच त्याला झाडला. म्हटलं, लहानपणापासून असाच आहे हा, हलगर्जी. पंचशीला उठून बाहेर गेली. नवऱ्याची चूक बघवत नाही बायकांना.

७ सप्टेंबर, रविवार

घरात मी थोडी शिस्त आणली. भेदभाव नाही. फक्त माझा कप आणि ताट वेगळं केलं आणि टीव्हीच्या फळीवर ठेवलं.

धम्मा सकाळी चहाला आला. फळीवरच्या कपाकडे बराच वेळ बघत राहिला. आमच्या आजोबांना गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती. बाहेर कोनाड्यात ठेवलेली असायची, आपली आपण विसळून परत तिथेच ठेवायची. ती गोष्ट मीच धम्माला लहानपणी मांडीवर घेऊन सांगायचो.

“दादा,” तो सुजलेल्या तोंडाने म्हणाला, “तुझा कप वर कशाला? माझाच ठेव ना बाहेर. जिन्यात कोनाडा आहे.”

मी कप उचलला आणि त्यांच्या कपांमध्ये नेऊन ठेवला. मोरीत जाऊन तोंड धुतलं. त्याच कपातून चहा प्यायलो. या विषयावर मला जास्त लिहायचं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

पण लोकांना काय सांगायचं हा प्रश्न उरतोच. बिल्डिंगमध्ये गुजराती, मारवाडी, आपले, यूपीवाले, सगळ्यांचे कान आमच्या दाराला. परभणीला कळलं तर मग विचारायलाच नको.

आज हंसाबेन दारात आल्या. “रिपोर्ट क्या आया?”

आणि मला एकदम सुचलं. मान खाली घातली, म्हटलं, “आप सही थीं, हंसाबेन. गुटखा.”

काय सांगू, बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “मैं बोली थी ना,” म्हणाल्या, आणि संध्याकाळी खिचडी-कढीचा डबा घेऊन हजर. नरम केली होती, धम्माला गिळता यावी म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी फळं पाठवली. वॉचमननेसुद्धा सांगितलं की त्याच्या काकाला असंच झालं होतं. एका दिवसात आमच्याबद्दल केवढी माया. जन्मभर निर्व्यसनी राहून मला कधी कुणी केळंसुद्धा दिलं नव्हतं. गुटखा देवासारखा धावून आला.

धम्माला सांगितलं, आजपासून तू गुटखा खायचास. तो म्हणाला, “कधी खायचो?” मी म्हटलं, कारखान्यात, लपून. मला आणि पंचशीलाला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, बरं. त्याला बोलताना त्रास होतो, वाद घालत नाही.

एक ताकीद मात्र दिली. नव्या गोळ्यांची बाटली बाहेर ठेवायची नाही, घरात माणसं येतात-जातात. बाथरूममध्ये जाऊन घे म्हटलं. ऐकलं त्याने. पंचशीला तेव्हा किचनमध्ये तांदळाच्या डब्यात हात घालून उभी होती. तिची ही जुनी सवय, जेवणं झाली की तांदळाचा डबा उघडते. उद्याचे तांदूळ निवडत असेल.

१५ सप्टेंबर, सोमवार

खोटं बोलायचं तर कागदोपत्री पक्कं पाहिजे. हंसाबेनच्या सूनबाईने पंचशीलाला विचारलं म्हणे, एवढा खायचे तर कधी पुडी दिसली कशी नाही? तेव्हा नाक्यावरच्या टपरीवर गेलो. गुटख्याला आपल्याकडे बंदी आहे, म्हणून दबक्या आवाजात मागितला. टपरीवाला मोठ्याने म्हणाला, “कौनसा?” मी म्हटलं, कोई भी, जो रोज खानेवाला खाता है. त्याने माळच दिली. घरी येऊन सगळ्या पुड्या गटारात रिकाम्या केल्या आणि कागद सुक्या कचऱ्यात वरच्या वर दिसतील असे टाकले.

संध्याकाळी लिफ्टमध्ये हंसाबेनने माझ्या दातांकडे बघितलं. टपरीवर कुणीतरी मला पाहिलं होतं. “भाई को देखके भी आप नहीं सुधरे, ज्ञानदेवभाई?”

आता आमच्या घरात दोघे गुटखा खातात.

२२ सप्टेंबर, सोमवार

बुधवारपासून धम्मा हॉस्पिटलात होता, पहिली केमो झाली, पाच दिवस चालली. आज घरी आणलं. केस जायला लागतील म्हणाले. पण गाल उतरलाय. खरंच उतरलाय. मी हात लावून बघितलं. धम्माने माझा हात तिथेच धरून ठेवला. आईने त्याला माझ्या हातात दिला तेव्हा तो दुसरीत होता आणि असाच हात धरायचा. मला वाटतं हा वाचेल. वाचलाच पाहिजे, नाहीतर मी कुणासाठी इथे आहे?

डॉक्टर शुभदांनी निघताना पुन्हा बजावलं. पुढची भरती आठ ऑक्टोबरला, एक दिवस इकडेतिकडे करायचा नाही. गोळी रोज. आणि हसून पंचशीलाला म्हणाल्या, “तुम्ही आहात, मला काळजी नाही. तुमचं तर कधी चुकलं नाही.” काय चुकलं नाही ते मला कळलं नाही. जेवणाचं पथ्य असेल.

२८ सप्टेंबर, रविवार

आज सुभाष आला होता. सुभाष म्हणजे आमच्या विहाराजवळच्या मैत्री मित्र मंडळाचा अध्यक्ष. निवडणुका लागणार म्हणून सध्या पांढऱ्या कपड्यांत असतो. धम्माच्या टकलाकडे बघून दोन मिनिटं डोळे मिटून बसला, मग म्हणाला, “दादा, समाजाला अशा उदाहरणाची गरज आहे.”

मंडळाचा व्यसनमुक्ती सप्ताह आहे. समारोपाला धम्माने चार शब्द बोलायचे, मी गुटखा खायचो, माझी ही दशा झाली, तुम्ही खाऊ नका. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. माझाही सत्कार, कारण मी भावाला बघून गुटखा सोडला. ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच होती.

धम्मा म्हणाला, “सुभाषभाऊ, मला नाही जमणार.” मी म्हटलं, जमेल. घरात सत्कार चालून येतोय आणि हा नाही म्हणतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

बॅनर लागला. नाक्यावर, बसस्टॉपच्या वर. ‘गुटख्याला हरवणारा लढवय्या’ आणि खाली धम्माचा लग्नातला फोटो, फेटा कापून काढलेला. सुभाषचा फोटो त्याच्या चौपट आहे. आजारी माणूस कोपऱ्यात शोभतो, हेही खरं.

अडचण एकच झाली. समारोप आठ तारखेला ठेवलाय, प्रमुख पाहुण्यांना तीच तारीख मोकळी आहे. आणि धम्माची भरतीही आठलाच. मी हॉस्पिटलात फोन लावला, म्हटलं, चार दिवस पुढे ढकला, घरात कार्यक्रम आहे. डॉक्टर शुभदा मला इतकं बोलल्या की मी फोन कानापासून लांब धरला. “गाठ कार्यक्रम बघून थांबत नाही,” म्हणाल्या.

मी घरी सांगितलं, डॉक्टर म्हणाल्या, चालेल. चार दिवसांनी काय बिघडतंय. वितळतेय तर गाठ.

पंचशीलाने कुकरची शिट्टी काढून हातात धरली होती. “त्या चालेल म्हणाल्या?” तिने विचारलं. मी म्हटलं, हो. तिने शिट्टी परत कुकरवर बसवली.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी उठलो तर धम्मा घरात नव्हता. पंचशीलाचा भाऊ उदय पहाटेच गाडी घेऊन आला आणि त्याला भरतीसाठी हॉस्पिटलात घेऊन गेला. मला कुणी उठवलंही नाही. मी आरडाओरडा केला. कार्यक्रमाचा हॉल भरलेला असणार, पाहुणे येणार, मी कोणतं तोंड दाखवू? पंचशीला शांतपणे म्हणाली, “दादा, तुम्ही व्हा पुढे. मी येते त्यांच्या वतीने.” मला बरं वाटलं. पोरीला घराची लाज आहे.

हॉल गच्च. हंसाबेन पहिल्या रांगेत. रीतीप्रमाणे सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं. मग सुभाषचं भाषण झालं, ते संपेपर्यंत प्रमुख पाहुण्यांना जांभई आली. मग पंचशीलाला बोलावलं. ती पांढरी साडी नेसून आली होती. माइक तिच्या उंचीला खाली घ्यावा लागला.

“जय भीम,” ती म्हणाली. “आत्ता आपण सगळ्यांनी पाच शीलं घेतली. चौथं खोटं न बोलण्याचं. घेऊन तासही झाला नाही, म्हणून मोडत नाही. माझ्या नवऱ्याने गुटखा कधी खाल्ला नाही. त्यांना एचआयव्ही आहे. त्यातून तोंडाचा कॅन्सर झालाय. आज त्यांची केमो चालू आहे, म्हणून ते आले नाहीत.”

सुभाषच्या हातात शाल होती, ती तशीच राहिली.

“मलाही आहे,” ती म्हणाली. “आमचं लग्न मेळाव्यात ठरलं असं घरचे सांगतात. आम्ही एकमेकांना आधीपासून ओळखत होतो. त्याच गोळ्यांच्या रांगेत उभे राहायचो. मेळाव्यात जाऊन समोरासमोर बसलो, म्हणजे मोठ्यांना समाधान. गोळी रोज घेतली की माणूस नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो. मी एक दिवस चुकवली नाही. तांदळाच्या डब्यात लपवून ठेवली, पण घेतली. त्यांची दीड वर्षं बंद पडली, म्हणून हे झालं.”

मागून एका बाईने विचारलं, “कामून बंद पडली, ताई?”

पंचशीलाने माझ्याकडे बघितलं. मी पहिल्या रांगेत, सत्काराचा गुलाब लावून बसलो होतो.

“घर लहान आहे,” ती म्हणाली आणि खाली उतरली.

सुभाषने शाल शेवटी प्रमुख पाहुण्यांनाच घातली. लोक न जेवता गेले. पंचशीला हॉस्पिटलला निघून गेली. मी घरी येऊन बसलोय. चारचौघांत सांगायची ही गोष्ट आहे का? आणि घर लहान आहे हे काय कारण झालं? वन बीएचके लहानच असतं. मुंबईत सगळ्यांची घरं लहान आहेत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बॅनर गेला. सुभाष फोन उचलत नाही. लिफ्ट आली की शेजारी उभी माणसं म्हणतात, तुम्ही जा, आम्ही पुढच्याने येतो. दोन दिवसांत कुणाचा डबा आला नाही. हाच माणूस, हीच गाठ, गुटख्याची होती तोवर खिचडी मऊ होती.

सकाळी दाढी करताना एकदम कळलं, घर कुणामुळे लहान झालं ते. वस्तरा ठेवून दिला. अर्धी दाढी तशीच राहिली.

तसाच हॉस्पिटलात गेलो. धम्माच्या हाताला सुई होती. मला बघून म्हणाला, “दादा, जेवलास का?” मी म्हटलं, तू डॉक्टरबाईंना खोटं का सांगितलंस? कंटाळा केला म्हणून?

“तू समोर बसला होतास ना,” तो म्हणाला.

मी त्याच्या पायाशी बसून रडलो. शेजारच्या कॉटवरचे बघत होते. बघू देत.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मा घरी आलाय. आज भाकरीचा पापुद्रा खाल्ला, उजव्या बाजूने. डॉक्टर शुभदा म्हणतात, अजून चार वेळा भरती व्हायचंय, पण औषध लागू पडतंय, आशा ठेवायला हरकत नाही. मला त्यांनी बाहेर बसवलं नाही. मीच विचारून बाहेर बसलो.

जेवणं झाल्यावर धम्मा बाथरूमकडे निघाला. पंचशीला किचनकडे वळली. मी म्हटलं, कुठे निघालात दोघं? तेवढ्यात बेल वाजली. हंसाबेन होत्या, आपला कढीचा डबा परत न्यायला आलेल्या. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या, पदर नाकाशी. मी डबा आणून दिला. दार लावायला हात गेला आणि थांबला.

हेड क्लार्कचा आवाज आहे माझा, तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. “धम्मा,” मी हाक मारली, “एचआयव्हीची गोळी घ्यायची राहिलीय. पंचशीला, तुझी पण आण. इथे बसून घ्या, हॉलमध्ये.”

हंसाबेन डबा छातीशी धरून तशाच उभ्या. मग दोघं बाहेर आले आणि माझ्या गादीवर बसले. पंचशीलाची गोळी तिच्या तळहातावर होती, तिला तांदळाचं पीठ लागलेलं. मी दोघांना पाणी दिलं.

हंसाबेनने लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट यायला वेळ लागला. दार मी उघडंच ठेवलं.